हिवाळ्यात साप खाणे सोडतो तेव्हा: पहिल्या पाळीव सापाची ऊब आणि आहार यांचे समस्या निवारण

निफाडच्या द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटू लागल्या की नाशिकमधील नव्या सर्पपालकांकडून दरवर्षी एकच तक्रार येऊ लागते. दिवाळीपर्यंत व्यवस्थित खाणारा बॉल पायथन (आफ्रिकेतील बिनविषारी साप) अचानक भक्ष्याकडे पाहीनासा होतो. मग घरातील माणसे घाबरून उंदराचा आकार बदलतात, दुकान बदलतात, सापाला रोज बाहेर काढून तपासतात, आणि या धांदलीत मूळ कारण तसेच राहते. ही तक्रार मी अनेक घरांत जाऊन सोडवली आहे आणि माझे ठाम मत असे आहे की दोष भक्ष्यात क्वचितच असतो. तो बहुतेक वेळा उबेत असतो. म्हणून आहारात काहीही बदल करण्याआधी तापमान मोजावे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे कशाने फरक पडला हे कळते.

खालील विवेचन मुख्यतः बॉल पायथनसाठी आहे. कॉर्न स्नेक या दुसऱ्या पाळीव विदेशी सापासाठी आकडे जिथे वेगळे आहेत, तिथे तसे सांगितले आहे.

लक्षणे

- साप सलग दोन-तीन वेळा भक्ष्य नाकारतो, किंवा त्याच्याजवळ येऊन वास घेतो आणि मागे फिरतो.
- गिळलेले भक्ष्य दोन ते पाच दिवसांत अर्धवट पचलेल्या, दुर्गंधीयुक्त अवस्थेत ओकून टाकतो.
- दिवसरात्र पेटीच्या उष्ण बाजूला चिकटून राहतो, किंवा उलट उष्ण बाजूकडे फिरकतच नाही.
- रात्रभर काचेवर नाक घासत फिरतो, किंवा तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात बसून राहतो.
- कात एकसंध न निघता तुकड्यातुकड्यांनी निघते. डोळ्यांवर किंवा शेपटीच्या टोकावर जुनी कात अडकते.
- पोटाकडचे खवले लालसर किंवा तपकिरी दिसतात.

यांपैकी शेवटचे लक्षण दिसल्यास पुढचे वाचण्याआधी हीट मॅट, म्हणजे पेटीची एक बाजू उबदार ठेवणारी विजेवरची चटई, बंद करावी, कारण तो भाजल्याचा डाग असू शकतो.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हे सर्व फक्त कायदेशीर मार्गाने घेतलेल्या विदेशी जातींबद्दल आहे. अजगर, धामण, मांडूळ, नाग किंवा आपल्याकडचा कोणताही रानातला साप घरात ठेवणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. घराच्या आवारात असा साप दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. बॉल पायथन ‘साइट्स’ या वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो. अधिनियमातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यानंतर अशा प्राण्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी आवश्यक आहे. खरेदीची पावती आणि नोंदणीचे कागद हाताशी असले की पशुवैद्यकाकडे जातानाही अडचण येत नाही.

पहिली तपासणी: दिनदर्शिका आणि डोळे

या तपासणीला एक रुपयाही लागत नाही, म्हणून ती प्रथम करावी. साप घरी येऊन किती दिवस झाले ते पाहावे. नव्या जागी आणलेल्या सापाला पहिले सात ते दहा दिवस हातही लावू नये आणि त्या काळात भक्ष्यही देऊ नये. प्रवासाने बिथरलेला साप खात नाही आणि खाल्लेच तर ओकण्याची शक्यता असते. त्यानंतर डोळे पाहावेत. डोळे दुधी-निळसर आणि अंगावरचा रंग मळकट झाला असेल तर साप कात टाकण्याच्या तयारीत आहे. त्या अवस्थेत त्याला नीट दिसत नाही आणि बहुतेक साप कात पडेपर्यंत खाणे टाळतात. कात पडल्यावर एक-दोन दिवसांनी भक्ष्य दिले की ते सहसा घेतले जाते.

वयही ध्यानात घ्यावे. पूर्ण वाढलेला बॉल पायथन, विशेषतः नर, वर्षातील थंड महिन्यांत काही आठवडे, कधी काही महिनेही, उपवास करतो. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील गवताळ प्रदेशांत उंदीर-घुशींच्या बिळांत आणि वारुळांत राहणाऱ्या या जातीचा तो स्वभाव आहे. वजन टिकून असेल तर अशा उपवासाची भीती बाळगण्याचे कारण नाही. म्हणूनच स्वयंपाकघरातील डिजिटल वजनकाटा हे सर्पपालकाचे पहिले उपकरण मानावे. झाकणाचा डबा काट्यावर ठेवून शून्य करावा, त्यात साप ठेवावा आणि दर पंधरा दिवसांनी वजन वहीत लिहावे. ‘बारीक झाल्यासारखा वाटतो’ या वाक्यावर कोणताही निर्णय घेता येत नाही; वहीतील दोन आकड्यांवर घेता येतो.

दुसरी तपासणी: लपण्याची जागा आणि शांतता

बॉल पायथनला सुरक्षित वाटल्याशिवाय तो खात नाही. पेटीत लपण्याच्या दोन जागा हव्यात, एक उष्ण बाजूला आणि एक थंड बाजूला. अन्यथा सापाला ऊब आणि आडोसा यांपैकी एकच निवडावे लागते आणि तो बहुधा आडोसा निवडतो, मग भक्ष्य पचण्याइतकी ऊब त्याला मिळत नाही. जागा अरुंद असावी, इतकी की वेटोळे घातल्यावर अंग भिंतींना टेकेल. दुकानातील शोभिवंत गुहा सहसा फार मोठ्या असतात. दार कापलेला उपडा प्लास्टिकचा डबा अधिक चांगले काम देतो, मात्र त्याची कापलेली कडा घासून गुळगुळीत करावी. काचेच्या पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून खाकी कागद लावावा. पेटी दूरचित्रवाणी संच, स्पीकर किंवा सतत आपटणारे दार यांच्याजवळ असेल तर हलवावी. भक्ष्य नाकारल्यानंतर पुढील प्रयत्नापर्यंत, म्हणजे किमान सात दिवस, सापाला हाताळू नये. कुतूहलाने रोज बाहेर काढलेला साप आठवड्यानंतरही भेदरलेलाच राहतो.

तिसरी तपासणी: तापमान, आणि तेही योग्य जागी मोजलेले

येथे मी सर्वांत जास्त वेळ घालवतो आणि प्रत्येकाने तसा घालवावा. पेटीबरोबर मिळणारी काट्याची गोल चकती किंवा काचेवर चिकटवायची रंगीत पट्टी यांवर विश्वास ठेवू नये. ती साप बसतो तिथले तापमान दाखवत नाही. भिंतीचे किंवा वरच्या हवेचे दाखवते. वायरच्या टोकाला प्रोब (तापमान जाणणारी टोकणी) असलेला डिजिटल तापमापक काही शे रुपयांत मिळतो. शक्य असल्यास दोन घ्यावेत, एक उष्ण बाजूसाठी आणि एक थंड बाजूसाठी. प्रोब उष्ण बाजूच्या आडोशाच्या आत, सापाचे पोट जिथे टेकते तिथे ठेवावा. पेटीच्या आत चिकटपट्टी मुळीच वापरू नये. सापाचे अंग तिला चिकटले तर सोडवताना खवले सोलले जातात.

बॉल पायथनसाठी उष्ण बाजूचा पृष्ठभाग ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, थंड बाजू २५ ते २७ अंश आणि पहाटेचे सर्वांत कमी तापमान २४ अंशांच्या आसपास असावे. कॉर्न स्नेकला उष्ण बाजूला २९ ते ३१ आणि थंड बाजूला २२ ते २५ अंश पुरतात.

आता वेळेचा मुद्दा, जो बहुतेक जण चुकवतात. दुपारी तीन वाजता घेतलेले मोजमाप जवळजवळ निरुपयोगी आहे. नाशिकचा हिवाळा दुपारी सौम्य वाटतो आणि पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. दिवसरात्रीतील हा फरकच आपल्या शहरातील सर्पपालकाची खरी अडचण आहे. गंगापूर धरणाच्या बाजूला किंवा देवळालीकडे, मोकळ्या वाऱ्याच्या घरांत, उत्तरेकडच्या खोलीची फरशी पहाटे किती गार पडते हे अनवाणी चालून पाहिले तरी समजते. म्हणून रात्री अकरा, पहाटे पाच आणि दुपारी तीन अशा तीन वेळांचे आकडे सलग तीन दिवस लिहावेत. कमाल-किमान नोंद ठेवणारा तापमापक असेल तर गजर लावून उठावे लागत नाही.

या आकड्यांना एवढे महत्त्व का, हे समजून घेतले पाहिजे. साप स्वतःच्या शरीरात ऊब निर्माण करून टिकवत नाही. त्याच्या पचनरसांचे काम आणि आतड्यांची हालचाल बाहेरून मिळणाऱ्या उबेवर चालते. ऊब कमी पडली की अखंड गिळलेले भक्ष्य पचण्याऐवजी पोटात कुजू लागते आणि ते बाहेर टाकण्याशिवाय सापाला पर्याय उरत नाही. गारठलेला साप खाण्याचे टाळतो, तेव्हा तो हट्ट करत नसतो. ते भक्ष्य पचवता येणार नाही हे त्याचे शरीर त्याला सांगत असते. अशा वेळी भक्ष्य बदलून किंवा बळेच भरवून काहीही साधत नाही, उलट धोका वाढतो.

चौथी तपासणी: ऊब जाते कुठे

आकडे कमी आले म्हणून लगेच जास्त वॅटची मॅट विकत आणू नये. हीट मॅट ही शेगडीसारखी आहे: जवळ बसणाऱ्याला शेक मिळतो, पण तेवढ्याने खोली उबदार होत नाही. ऑक्टोबरमध्ये खोलीच २७ अंशांवर असते, म्हणून तीच मॅट पुरेशी वाटते. डिसेंबरमध्ये खोलीची साथ सुटते आणि पेटीतील हवा थंड पडते.

आधी आहे ती ऊब टिकवावी. पेटी फरशीवरून उचलून लाकडी टेबलावर किंवा कपाटात ठेवावी आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर करावी. मागे आणि दोन्ही बाजूंना बाहेरून थर्मोकोलचे तक्ते लावावेत. वर जाळीचे झाकण असेल तर त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग ॲक्रिलिकच्या तुकड्याने झाकावा. उरलेला भाग हवेसाठी मोकळा असलाच पाहिजे. पेटीच्या तळाशी मॅट असेल तर तिच्याखाली हवा खेळेल अशी थोडी जागा ठेवावी आणि पेटीच्या आत मॅटच्या वरच्या भागात कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) जाड थर पसरू नये. जाड थराने ऊब वर येत नाही, खाली काच मात्र तापत राहते, आणि साप थर उकरून काचेपर्यंत गेला तर भाजतो. दोष शोधण्याच्या काळात आत फक्त वर्तमानपत्र अंथरावे, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्यावर विष्ठा, ओकलेले भक्ष्य आणि गोचिडीसारखे परजीवी लगेच दिसतात. नंतर कोकोपीट वापरायचेच असेल तर नर्सरीतून घेताना त्यात खत मिसळलेले नाही याची खात्री करावी, कारण द्राक्ष आणि फुलशेतीच्या या जिल्ह्यात खतमिश्रित माल सर्रास मिळतो.

वीज जाणे हे आणखी एक कारण आहे. लहान हीट मॅट पंधरा-वीस वॅटची असते आणि घरातील इन्व्हर्टरला हा भार जड नाही. मात्र ती ज्या प्लगवर आहे तो प्लग इन्व्हर्टरच्या ओळीवर आहे का, हे एकदा मुख्य स्विच बंद करून पाहावे. इन्व्हर्टर नसेल तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून पेटीच्या एका कोपऱ्यात ठेवावी आणि वरून पांघरूण घालावे, हवेची फट सोडून.

पाचवी तपासणी: थर्मोस्टॅट

थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला मॅट आपोआप बंद-चालू करणाऱ्या यंत्राशिवाय, हीट मॅट वापरू नये. नियंत्रण नसलेली मॅट भाजण्याइतकी तापू शकते, आणि सापाला पोटाखालचा चटका वेळेवर जाणवून तो बाजूला होईलच असे नाही. विजेवर तापणारे कृत्रिम दगड, म्हणजे ‘हीट रॉक’, याच कारणासाठी टाळावेत.

थर्मोस्टॅट असूनही तापमान चुकत असेल तर थर्मोस्टॅटच्या स्वतःच्या प्रोबची जागा पाहावी. प्रोब मॅट आणि काच यांच्यामध्ये, बाहेरून पक्का बसवलेला हवा. तो निसटून हवेत लोंबू लागला की त्याला थंड हवा जाणवते आणि तो मॅट अखंड चालू ठेवतो. भाजण्याच्या घटनांमागे मला बहुतांशी हेच कारण दिसले आहे. काचेमुळे आतला पृष्ठभाग प्रोबपेक्षा थोडा थंड असतो. म्हणून थर्मोस्टॅटवर ३४ ठेवल्यावर आत ३२ येते का, हे दुसऱ्या तापमापकाने ताडून पाहावे आणि मगच आकडा निश्चित करावा. चालू-बंद पद्धतीच्या स्वस्त थर्मोस्टॅटमध्ये फरकाचा आकडा, म्हणजे तापमान किती अंश उतरल्यावर मॅट पुन्हा चालू व्हावी हे, वेगळा ठरवावा लागतो. तो तीन किंवा पाच अंशांवर राहिला असेल तर पेटी एकदा फार तापते आणि एकदा फार निवते. तो अर्ध्या ते एक अंशावर आणावा. ठरवलेले तापमान गाठूनही आतून ‘टक्’ असा आवाज येत नाही आणि मॅट चालूच राहते, असे दिसले तर आतील रिले (मॅट चालू-बंद करणारा स्विच) चिकटला आहे असे समजून ते यंत्र टाकून द्यावे.

मॅटवर तपकिरी डाग, वायरला जळका वास, हात लावल्यावर झिणझिण्या किंवा वारंवार पडणारा एमसीबी यांपैकी काहीही दिसल्यास प्लग काढावा आणि वीजतंत्र्याला बोलवावे. त्याठिकाणी स्वतः चिकटपट्टी गुंडाळू नये.

सहावी तपासणी: आर्द्रता

बॉल पायथनला ५५ ते ७० टक्के आणि कॉर्न स्नेकला ४० ते ५५ टक्के आर्द्रता हवी. हिवाळ्यात आपली हवा कोरडी असते आणि ऊब देऊ तशी ती अधिक कोरडी होते, म्हणून कात अडकते. पाण्याचे भांडे मोठे करावे, एका आडोशात ओलसर शेवाळ किंवा ओला कागद ठेवावा. अडकलेली कात नखाने ओढू नये, डोळ्यांवरची तर मुळीच नाही.

सातवी तपासणी: भक्ष्य

तीन दिवसांचे आकडे ठीक आले की मगच इकडे यावे. भक्ष्याची जाडी सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाइतकी असावी. वाढत्या पिलाला दर सात दिवसांनी त्याच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के आणि पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनला दोन ते चार आठवड्यांनी सुमारे पाच टक्के वजनाचे भक्ष्य पुरते.

गोठवलेला पांढरा उंदीर रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, झाकणाच्या वेगळ्या डब्यात ठेवून वितळवावा. देण्याआधी तो पिशवीत बंद करून गरम पाण्यात ठेवावा आणि पृष्ठभाग ३८ ते ४० अंशांपर्यंत आणावा. मायक्रोवेव्ह वापरू नये. उंदीर आतून असमान शिजतो आणि फुटतो. या उबेचे कारण असे की बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता जाणवणाऱ्या खाचा असतात आणि गार भक्ष्य त्याला भक्ष्य म्हणून जाणवतच नाही. कॉर्न स्नेकला अशा खाचा नसतात. तो मुख्यतः वासावर चालतो. भक्ष्य लांब चिमट्याने, संध्याकाळनंतर, खोलीतील दिवा मंद करून द्यावे. घेतले नाही तर आडोशाच्या दाराशी ठेवून रात्रभर सापाला एकटे सोडावे आणि सकाळी उरलेले फेकून द्यावे. ते पुन्हा गोठवू नये. खाल्ल्यावर ४८ तास सापाला हात लावू नये.

घरात पकडलेला उंदीर कधीही देऊ नये. त्याने विषारी गोळी खाल्लेली असू शकते आणि त्याच्या अंगावर परजीवी असतात. जिवंत उंदीर पेटीत सोडणेही टाळावे, कारण न खाणाऱ्या सापाला उंदीर कुरतडतो आणि त्या जखमा गंभीर असतात. नागपंचमीच्या आसपास घरातील वडीलधारी मंडळी प्रेमाने दुधाची वाटी पुढे करतात. त्यांना आदराने समजावून सांगावे की सापाला दूध पचत नाही, त्याला स्वच्छ पाणीच हवे.

सापाने भक्ष्य ओकले असेल तर लगेच दुसरे देऊ नये. ओकताना पोटातील आम्ल घशाला लागते आणि आतड्याचे संतुलन बिघडते. दहा ते चौदा दिवस फक्त पाणी द्यावे, तापमान तपासावे, आणि मग नेहमीच्या निम्म्या आकाराचे भक्ष्य द्यावे.

आठवी तपासणी: उबेचे साधन बदलणे

वरचे सारे करूनही पहाटेचे तापमान २४ अंशांच्या खालीच राहत असेल तर हवा तापवणारे साधन लागते. सिरॅमिक हीट एमिटर प्रकाश न देता हवा तापवतो. त्याला चिनी मातीचा होल्डर, जाळीचे संरक्षण आणि स्वतंत्र थर्मोस्टॅट या तिन्ही गोष्टी अनिवार्य आहेत. हा बदल खर्चिक आहे, हवा कोरडी करतो, आणि चुकला तर आगीचा धोका असतो. म्हणून तो शेवटी. उन्हाळ्यात मात्र यांपैकी बरेच काही बंद करावे लागते: एप्रिल-मे मध्ये खोलीच ३५ अंशांच्या वर गेली आणि साप पाण्यात बसून राहू लागला तर ऊब नव्हे, गारवा द्यावा.

कुठे थांबावे

पुढीलपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय बंद करून सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकाकडे जावे: तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकातोंडातून बुडबुडे किंवा शिट्टीसारखा आवाज, हिरड्यांवर लाली किंवा पू, पोटावर भाजल्याचा डाग, दुसऱ्यांदा ओकणे, मूळ वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक घट, पिलाने चार ते सहा आठवडे काही न खाणे, पाण्याच्या भांड्यात बारीक काळे ठिपके, म्हणजेच परजीवी, किंवा उलटे केल्यावर साप स्वतःहून सरळ न होणे. परजीवींसाठी घरातील झुरळांचा फवारा वापरू नये, तो सापाला मारू शकतो. नळीने किंवा बळेच भरवणे घरी करू नये, कारण अननलिका फाटण्याची आणि भक्ष्य श्वासमार्गात जाण्याची भीती असते.

प्रत्येक पशुवैद्यक साप पाहतोच असे नाही, म्हणून आधी फोन करून विचारावे. नाशिकमध्ये सोय झाली नाही तर पुणे किंवा मुंबई गाठावी लागते, आणि हिवाळ्यात मुंबईच्या वाटेवरील कसारा घाटातील पहाटेचा गारठा आजारी सापाला झेपत नाही. सापाला सैल गाठीच्या सुती पिशवीत घालून ती पिशवी हवेची छिद्रे असलेल्या थर्मोकोलच्या डब्यात ठेवावी. टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली डब्याच्या एका कडेला असावी, पिशवीला टेकलेली नसावी. ओकलेले भक्ष्य किंवा विष्ठा स्वच्छ डबीत घ्यावी, आणि वजनाची व तापमानाची वही सोबत न्यावी. पशुवैद्यक पहिला प्रश्न त्याच आकड्यांबद्दल विचारतात.